सोसायटीची टेकडी-फेरी: कार्यक्रम बागेत करा, टेकडीवर फक्त चाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडमधली सोसायटी, सत्तरच्या आसपास माणसं, त्यात सहा-सात वर्षांच्या मुलांपासून पंचाहत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत सगळे. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जायचं, वर स्पीकर लावून झुंबा, मग प्रत्येक कुटुंबाच्या हातून एक झाड, मग मिसळ, आणि दहापर्यंत घरी. वाट कोणती घ्यावी, परवानगी कोणाची लागते, काय काळजी घ्यावी, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. तुम्ही एका पिशवीत दोन वेगळे कार्यक्रम कोंबलेत. झुंबा, नाश्ता, खेळ, बक्षिसं हे सगळं सोसायटीजवळच्या महापालिकेच्या बागेत करा. टेकडीवर फक्त चाला, तेही सत्तरांचा एक घोळका करून नव्हे. आणि ऑगस्ट सोडा, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर यातला रविवार धरा. झाडं लावण्याचं तर पूर्णच विसरा. शेवटचं वाक्य वाचून तुमच्या सेक्रेटरींना राग येईल, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

महिना का बदलायचा ते आधी. ऑगस्टमध्ये टेकडी दिसते देखणी, त्यात वाद नाही. पण आपल्या टेकड्या काळ्या बेसाल्टच्या, आणि भर पावसाळ्यात त्या खडकावर शेवाळाचा इतका पातळ थर असतो की डोळ्यांना तो दिसतच नाही, पायालाच कळतो. वरची जुनी दगडाची खाण पाण्याने भरलेली असते. काठ निसरडे, खोली बाहेरून कळत नाही, आणि मुलांना पाणी दिसलं की ती पळतात. जून २०२४ अखेर लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी १५ जूनला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला. दोन्हीकडे लोक रविवारच्या सहलीलाच आलेले होते. टेकडीवर नदी नाही हे खरं, पण पावसाळी रविवार, पाणी आणि मोठा घोळका ही सांगड मी मुलांसाठी कधीच घालत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरतो, वाटा सुकतात, सोनकी आणि तेरडा अजून फुललेला असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर गवत सोनेरी व्हायला लागतं. ऊन मात्र तेव्हा चटके देतं, त्यामुळे साडेनऊच्या आत खाली उतरलेलं बरं. माझी पहिली पसंती नोव्हेंबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांना. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात पक्षीनिरीक्षणाचे गट असेही बाहेर पडलेले असतात, एखाद्या जाणकाराला विनंती केली तर तो तुमच्या एका गटाबरोबर यायला बहुधा तयार होतो. सोसायटीला निमित्तही मिळतं. दिवाळी कधी आहे ते मात्र आधी बघा, नाहीतर अर्धी सोसायटी गावाला गेलेली असायची.

आता वाट. टेकडीचं टोक समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे, शहर साधारण ५६० वर. म्हणजे तळापासून चढलात तर सव्वादोनशे-अडीचशे मीटरचा चढ होतो, सत्तर-पंच्याहत्तर मजल्यांच्या जिन्याइतका. रोज चालणाऱ्याला हे काहीच नाही, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना खूप आहे. म्हणून सगळ्यांना एकाच वाटेने नेण्याचा हट्ट करू नका. ज्येष्ठ आणि लहान मुलं असलेली कुटुंबं पौड रस्त्याकडून एआरएआयच्या (टेकडीवरच्या वाहन-संशोधन संस्थेच्या) रस्त्याने गाडीने वर जाऊ शकतात, तिथून पुढचं चालणं बरंचसं पठारावरचं आहे. धडधाकट मंडळींनी विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या कांचन गल्लीतून चढावं. वर पठारावर दोन्ही गट भेटतील. भेटण्याची जागा खाणीचा काठ नको. वरच्या वेताळाच्या मंदिराच्या अलीकडे एखादं सावलीचं झाड आदल्या आठवड्यात जाऊन ठरवून या. हनुमान टेकडी हाही पर्याय आहे, चढ छोटा आणि शहर चारी बाजूंना दिसतं, पण सकाळी तिथे इतकी वर्दळ असते की तुमची माणसं त्यात हरवून जातील.

वेळेचा हिशोब बहुतेक जण चुकवतात. गिर्यारोहकांचा जुना ठोकताळा आहे: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त. त्या हिशोबाने पाच किलोमीटरची तुमची फेरी दीड तासात संपायला हवी. ती संपत नाही. मुलं आहेत, फोटो आहेत, बुटाची नाडी आहे, "अहो थांबा जरा" आहे. अशा गटाला मी ठोकताळ्याच्या दुप्पट वेळ देते. साडेसहाला पाय उचलला तर नऊ-साडेनऊला खाली.

सत्तर माणसं एका रांगेत नेली की पुढचा माणूस वर पोचतो तेव्हा मागचा अजून पहिल्या वळणावर असतो. मध्ये कोण थांबलं, कोण आडवाटेला गेलं, कोणालाच पत्ता नसतो. बारा ते पंधरा जणांचे गट करा, दोन गटांमध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक मागचा. बहुतेक आयोजक सगळ्यात अनुभवी माणूस पुढे ठेवतात, मी मागे ठेवते. पुढच्याला फक्त वाट माहीत असली आणि हळू चालता आलं की पुरतं. मागच्याला माणसं वाचता यावी लागतात. चढताना गप्पा मारणारा माणूस अचानक गप्प झाला, ओठ कोरडे पडलेत, रुमालाने सारखा घाम पुसतोय पण पाणी पीत नाही, हे त्याला दिसायला हवं. आणि "काका, मलाच दम लागलाय, दोन मिनिटं बसू या" असं म्हणून त्याला त्या माणसाला बसवता यायला हवं. पन्नाशी-साठीची पुरुषमंडळी स्वतःहून कधीच थांबत नाहीत, विशेषतः सूनबाई पुढे चालत असतील तर.

मधुमेह असलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. बरेच जण सकाळची गोळी घेतात आणि "वर गेल्यावर खाऊ" म्हणून उपाशीपोटी चढायला लागतात. हातपाय थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. मागच्या माणसाच्या खिशात ग्लुकोजची पुडी किंवा चार साखरेच्या गोळ्या असाव्यात. निघण्याआधी दोन बिस्किटं, एखादं केळं सगळ्यांनीच खावं. पाणी माणशी एक लिटर, आपापल्या बाटलीत. वर विकत मिळेल हे धरून चालू नका.

लोक घसरतात ते चढताना नव्हे, उतरताना. आपल्या टेकड्यांच्या वाटांवर मुरमाचे गोल खडे पसरलेले असतात. ते टणक जमिनीवर पायाखाली गरागरा फिरतात आणि माणूस सपकन बसतो. घाबरलेला माणूस मागे झुकतो, त्याने वजन टाचेवर जातं आणि तो हमखास घसरतो. उतरताना गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, आणि उतार तीव्र असेल तिथे पाऊल तिरकं, म्हणजे बुटाची पूर्ण कड जमिनीला लागते. दोन मिनिटं खाली सपाटीवर सगळ्यांना हे करून दाखवा, मुलांना त्यात मजाही वाटते. बूट नवे नकोत, पण तळ घासून गुळगुळीत झालेले तर मुळीच नकोत. ज्येष्ठांच्या हातात साधी काठी द्या.

नोव्हेंबरचा एक खास त्रास सांगते, कारण पहिल्यांदा येणाऱ्यांना तो माहीत नसतो. कुसळी गवत तेव्हा पिकलेलं असतं. त्याचं बी एखाद्या सुईसारखं टोकदार, मागे लांब पिळदार शेपूट. ओल लागली की ती शेपूट उलगडते आणि बी मातीत स्वतःला स्क्रूसारखं फिरवून घेतं. तेच ते तुमच्या मोज्यात करतं. लोकरी किंवा जाड सुती मोजे घातलेला माणूस घरी जाऊन अर्धा तास कुसळं उपटत बसतो. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट घाला आणि ती मोज्यांवरून खाली असू द्या. मुलांना मात्र एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवा. ते हळूहळू वळायला लागतं तेव्हा मोबाईल खिशात जातात.

दुसरी खाजकुयली. झुडपांवर चढलेला वेल, तपकिरी-सोनेरी मखमली शेंगा, बघितलं की हात लावावासा वाटतो. त्या मखमलीचे बारीक केस कातडीत रुततात आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते. लागलीच तर चोळायचं नाही, चोळून ती पसरते. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, मग धुवायचं. प्रथमोपचाराच्या पिशवीत चिकटपट्टीचं एक मोठं रीळ ठेवा, दहा कामांना येतं.

सापांची भीती लोकांना फार असते, आणि आग्या मोहळाची कोणालाच नसते. माझ्या मते हे उलटं हवं. साप आहेत: घोणस आहे, नाग आहे, फुरसंही आहे. फुरसं लहान, मातीच्या रंगाचं, दगडाच्या आडोशाला वेटोळं करून बसतं आणि डिवचलं की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. पण वाट सोडली नाही, दगड उलटे केले नाहीत, गवतात हात घातला नाही, तर दहा-बारा जणांच्या पावलांच्या हादऱ्याने साप आधीच बाजूला होतो. चावलाच तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, माणसाला धीर देऊन निजवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात न्यायचं. रुग्णालय कोणतं ते आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. साप पकडायला किंवा त्याचा फोटो काढायला कोणी जायचं नाही.

आग्या माश्या मात्र एकदा उठल्या की शंभरेक पावलांनी थांबत नाहीत. उंच झाडांवर आणि खाणीसारख्या उभ्या कड्यांवर त्यांची पोळी असतात. धूर, मोठा आवाज, ड्रोन, दगड मारणारी पोरं आणि उग्र अत्तर, यांनी त्या चवताळतात. गडांवर माश्यांच्या हल्ल्याच्या बातम्या जवळपास दर वर्षी येतात. तुमचा स्पीकर खाली ठेवायचं हे एक अगदी व्यवहारी कारण. माश्या उठल्या तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं ओढणीने, शर्टाने झाकायचं आणि वाटेने दूर पळायचं, शक्य असेल तर गाडीत किंवा खोलीत शिरायचं. नांग्या नखाने किंवा एखाद्या कार्डाने खरवडून पटापट काढायच्या. चेहरा सुजला, श्वास अडखळला किंवा पुष्कळ डंख झाले तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. फेरीच्या दिवशी कोणी अत्तर लावून आलं असेल तर त्याला पाठच्या गटात टाका आणि थट्टा करा, पुढच्या वेळी लावणार नाही.

आपत्कालीन क्रमांक सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आधीच टाकून घ्या: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वनविभागाची मदतवाहिनी १९२६. त्याहून महत्त्वाचं, रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते ते गटनायकांना माहीत हवं. पठारावर असाल तर एआरएआयकडचा डांबरी रस्ता हे सगळ्यात जवळचं वाहनाचं ठिकाण. माणसाला परत कांचन गल्लीतून खाली उतरवायचा विचारही करू नका.

परवानगीबद्दल. टेकडीचा बहुतेक भाग वनविभागाच्या ताब्यात आहे. चार लोक फिरायला जातात तेव्हा कोणी अडवत नाही, पण सत्तर जणांचा ठरवून केलेला कार्यक्रम असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र द्या: तारीख, वेळ, वाट, माणसांची संख्या, जबाबदार व्यक्तीचा क्रमांक. त्याची पोच घ्या. पत्र दिलं की त्या सकाळी फाटक बंद आहे का, वर कुठे काम चालू आहे का, हेही कळतं. फलक, मंडप, स्पीकर, चूल यांची परवानगी मागूच नका. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि नोव्हेंबरातलं गवत एका विडीच्या थोटकाने पेटतं. अगरबत्तीसुद्धा नको.

बागेसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. काही बागांत कार्यक्रमाला शुल्क आणि अनामत असते, काही बागांत परवानगीच मिळत नाही, म्हणून महिनाभर आधी विचारा. आपल्या बागा सकाळी काही तास उघड्या असतात आणि दुपारी बंद होतात. फाटकावरची वेळ बघूनच नाश्त्याची वेळ ठरवा, नाहीतर रखवालदार शिट्टी वाजवत असताना मिसळ खावी लागेल. स्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी लागते. बागेतसुद्धा आवाज बेताचा ठेवा. बाकावर बसून पेपर वाचणाऱ्या आजोबांची ती रोजची जागा असते, तुमचा कार्यक्रम वर्षातून एकदा.

बागेत काय करता येईल? पुष्कळ काही. लगोरी, लंगडी, विटी-दांडू हे खेळ आजोबांनी शिकवायचे आणि नातवंडांनी खेळायचे. मला आवडणारा एक प्रकार: बागेचा हाताने काढलेला नकाशा मुलांना द्यायचा, त्यात पाच झाडांवर फुल्या. प्रत्येक झाडाचं पान शोधून (तोडून नव्हे, खाली पडलेलं) आणायचं आणि मोठ्यांना नाव विचारायचं. तेव्हा कळतं की मोठ्यांनाही वड आणि पिंपळ यापलीकडे फार येत नाही. नाश्त्याला सोसायटीच्या स्टीलच्या ताटल्या वापरा. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या-चमच्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण केटररला ते आठवण करून द्यावं लागतं. मिसळीऐवजी पोहे किंवा उपमा सुचवीन. चालून आल्यावर तर्रीची मिसळ पोटात गेली की दुपारभर सगळे आडवे होतात. अर्थात कोथरूडात मिसळीविरुद्ध बोलण्याचं धाडस तुम्ही करावं असं माझं म्हणणं नाही.

आता वृक्षारोपण. तुमचा हेतू चांगला आहे, जागा चुकीची आहे. वेताळ टेकडीचा बराच भाग मुळात दाट जंगल नव्हेच. पातळ माती, खाली खडक, त्यावर गवत आणि मधूनमधून सालई, मोई, पळस, मेडशिंगी, पांढऱ्या सालीची कांडोळ अशी उन्हाला सरावलेली झाडं. ही अर्धवट उघडी माळरानाची जमीन आहे आणि ती तशीच असायला हवी. टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना उघडी जागाच लागते. "ओसाड आहे, हिरवं करू या" या भावनेतून आपल्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड. फेब्रुवारीत फिकट गुलाबी फुलांनी बहरतं, फोटो सुंदर येतात, पण त्याच्या गर्द राईखाली बसून पक्ष्यांचे आवाज ऐका आणि मग सालईच्या उघड्या उतारावर जाऊन ऐका. फरक कानाला कळतो. त्याला उंदीरमारी असंही नाव आहे, बिया-साल उंदरांना विषारी म्हणून.

समजा तुम्ही देशी रोप लावलं तरी मार्च-एप्रिलमध्ये त्याला पाणी कोण घालणार? खड्डा खणताना खालचा मुरूम वर येतो, पावसात वाहून जातो, आणि मेलेल्या रोपाशेजारी सोसायटीच्या नावाची पाटी तेवढी उरते. बीजगोळे फेकण्याचाही एक काळ आला होता, त्यातून फार काही उगवलेलं मला दिसलेलं नाही. ज्यांना खरंच हात मातीत घालायचेत त्यांच्यासाठी काम आहे. पुण्याच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं कॅनने पाणी वाहून रोपं जगवणारे लोक आहेत, सकाळी गेलात की भेटतात. त्यांना विचारा, उन्हाळ्यात दर रविवारी पाच जण पाठवतो, कुठे पाणी घालू? रोप नवं नसेल, फोटोत तुमचं नाव येणार नाही. पण जगलेलं झाड असेल.

तसंच मोरांसाठी धान्य, कुत्र्यांसाठी बिस्किटं, पक्ष्यांसाठी उरलेले पोहे, हे वर नेऊ नका. धान्याने मोर माणसाळतात, बिस्किटांनी कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात आणि त्याच टोळ्या मग मोरांच्या पिलांच्या मागे लागतात. केळ्याची सालसुद्धा खाली घेऊन या. आणि सगळ्यात मोठं नुकसान दिसतच नाही: आडवाट. वळण टाळून सरळ उतरणाऱ्या दहा जणांनी गवत तुडवलं की पुढच्या पावसात तिथून पाणी वाहतं, दोन पावसाळ्यांत ओघळ होतो आणि मूळ वाटसुद्धा खचते. मुलं हे लगेच समजतात. मोठ्यांना मात्र "शॉर्टकट" दिसला की राहवत नाही.

माणसं टेकडीवर आणण्याविरुद्ध मी नाही, उलट त्याच बाजूची आहे. टेकडीतून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा आणि बोगद्यांचा विषय तापला होता तेव्हा, एप्रिल २०२३ मध्ये, टेकडी वाचवा म्हणून निघालेल्या मोर्चात मोठ्या संख्येने आलेले लोक कोण होते? रोज सकाळी चालणारेच. ज्या मुलाने कुसळ फिरताना पाहिलंय त्याला टेकडी म्हणजे रिकामी जागा वाटणार नाही. म्हणून या, फक्त तिच्या बेताने या.

तुम्ही जाता जाता विचारलंय, एखाद्या ट्रेक कंपनीला काम द्यावं का. या फेरीसाठी गरज नाही, सोसायटीतच रोज टेकडीवर जाणारे पाच-सहा जण निघतील, त्यांना गटनायक करा. पुढे कधी मोठा बेत केलात तर कंपनीला दोन प्रश्न विचारा: राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, आणि आमच्या गटाबरोबर येणाऱ्यांपैकी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाचं झालंय. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. सिंहगडाचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा की गड सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि आतकरवाडीतून पायवाटेने चढायचं म्हणजे वेताळ टेकडीच्या दुपटीहून जास्त चढ आहे. टेकडीला जे अडखळले त्यांना गाडीने वर पाठवा, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला तेही तितकेच हक्कदार. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची टेकड्यांची रांग तरुण पोरं मागतील. ती सोसायटीच्या नावाखाली करू नका.

पावसाचं राहिलं. नोव्हेंबरातही एखादी सर येते. आदल्या रात्री नऊ वाजता एकाच माणसाने निर्णय घ्यायचा आणि ग्रुपवर एकच संदेश टाकायचा: टेकडी रद्द, नाश्ता सोसायटीच्या हॉलमध्ये साडेआठला, फेरी पुढच्या रविवारी. त्या संदेशाखाली चर्चा सुरू होऊ देऊ नका, ग्रुप सकाळपर्यंत फक्त ॲडमिनसाठी खुला ठेवा. हा निर्णय कोण घेणार ते आजच ठरवा, आणि शक्यतो सेक्रेटरी सोडून दुसऱ्या कोणाला तरी द्या.